उमेदवारांच्या शोधात

(व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी जिल्ह्याच्या गावी राहून वृत्तपत्र चालवले आणि अनेक मुलांना हाताखाली घेऊन लिहिते केले. म्हणून संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली, तेव्हा माध्यमांच्या भवितव्यासारखे भव्य विषय मी बाजूला ठेवले आणि रोजच्या कामातला एक विषय घेतला. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींना आपल्या कार्यालयात इंटर्न म्हणून कसे घ्यावे, हा तो विषय. इंटर्नशिप कशी मिळवावी याचा सल्ला विद्यार्थ्यांना देणारे भरपूर भेटतात. ती देणाऱ्यांशी मात्र कोणी बोलत नाही. आज मी देणाऱ्यांशी बोलणार आहे, आणि ते या सभागृहात मोठ्या संख्येने आहेत याचा मला आनंद आहे.

मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांत दहा-पंधरा वर्षांनी कोण बसलेले असेल, हे आजच्या इंटर्नच्या निवडीतून ठरत असते. एवढी मोठी निवड आपण विचार न करता उरकतो. माझी सगळी तक्रार आणि सगळी सूचना याच एका गोष्टीभोवती आहे.

सध्या काय होते ते आपल्याला माहीत आहे. एप्रिल उजाडला की फोन सुरू होतात. अमुक साहेबांचा भाचा मास कॉम करतोय, त्याला महिनाभर बसवून घ्या. एखादी मुलगी कॉलेजचे पत्र घेऊन थेट येते आणि तास-दोन तास बाकावर थांबून परत जाते. ज्याचा फोन आधी आला त्याला खुर्ची मिळते. पैशांचा विषय निघतच नाही. निघाला तर ‘शिकायला मिळतंय ना’ एवढ्यावर मिटतो. महिना सरला की लेटरहेडवर प्रमाणपत्र छापून दिले जाते. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. डेस्कवर माणसे कमी, पान सोडायची वेळ गळ्याशी आलेली, अशा वेळी नव्या पोराकडे बघायचे कोणी, हा उपसंपादकाचा प्रश्न खराच आहे. पण या पद्धतीत आत कोण येते आणि कोण येऊच शकत नाही, हे एकदा नीट पाहायला हवे.

नांदेडच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकणारी, किनवट तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरून आलेली विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. तिची परीक्षा संपते आणि वसतिगृह रिकामे करण्याची सूचना लागते. इंटर्नशिपचा हंगाम नेमका त्याच वेळी सुरू होतो. ज्या दोन महिन्यांत तिला नांदेडात किंवा पुण्यात राहायचे आहे, त्याच दोन महिन्यांत तिच्या डोक्यावरचे छप्पर जाते. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचे, मेस लावायची, बसने किंवा शेअर रिक्षाने फिरायचे, आणि कार्यालयाकडून मिळणार काही नाही. ती येत नाही. तिच्या जागी ज्याचे आईवडील पुण्यातच राहतात तो येतो. तो हुशार असेलही, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या, आश्रमशाळा, वनहक्काचे दावे यांच्याविषयी त्याला जे आधी वाचून समजून घ्यावे लागेल, ते तिने घरात पाहिलेले असते. फुकट काम करून घेणारे कार्यालय थोडे पैसे वाचवते आणि ही जाण गमावते.

ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी २०१९ साली इंग्रजी आणि हिंदी माध्यमांचा अभ्यास केला. त्यांनी पाहिलेल्या वृत्तकक्षांतल्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा त्या पदांवर एकही जण नव्हता. मराठीचे चित्र याहून फार वेगळे असेल, असे छातीठोकपणे सांगायला इथे कोणी उठेल असे मला वाटत नाही. संपादकाच्या खुर्चीपर्यंत जाणारा रस्ता त्या महिनाभराच्या बिनपगारी खुर्चीवरून जातो. सुरुवातीलाच ज्यांना उभे राहू दिले नाही, ते शेवटी कुठून दिसणार? १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाल्यावर डॉ. आंबेडकरांना रकानेच्या रकाने एकट्याने लिहून काढावे लागत, कारण हाताशी लिहिणारी माणसे नव्हती. त्या वेळी शिक्षणाचीच दारे बंद होती. आज शिकलेली मुले विद्यापीठांच्या विभागांत बसलेली आहेत आणि आपण त्यांच्यापर्यंत जात नाही.

तेव्हा पहिली गोष्ट पैशांची. विद्यार्थी इंटर्नला विद्यावेतन दिलेच पाहिजे, आणि ते किमान त्याच्या राहण्या-जेवण्या-फिरण्याचा खर्च भागेल इतके असले पाहिजे. ‘आम्ही छोटे, आम्हाला परवडत नाही,’ हे मी पुष्कळदा ऐकले आहे. परवडत नसेल तर चार बिनपगारी मुलांऐवजी एकाला पगारी घ्या. एकाकडेच नीट लक्ष देता येते, हा त्यातला आणखी एक फायदा.

सरकारी योजनांबद्दल बराच गोंधळ आहे, म्हणून दोन शब्द. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत पदवीधराला महिना १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. पण ज्याचे शिक्षण चालू आहे तो त्या योजनेत बसत नाही. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतही पूर्ण वेळ शिकणाऱ्यांना जागा नाही, शिवाय ती देशातल्या ५०० मोठ्या कंपन्यांपुरती आखलेली आहे. म्हणजे वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याचा भार तुम्हालाच उचलायचा आहे. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलाची गोष्ट वेगळी. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा फक्त फिटर आणि टर्नरसाठी आहे, असा आपल्या धंद्यात समज आहे. २०१४च्या दुरुस्तीने तो अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही खुला झाला. २०१९च्या नियमांनी तर ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. या कायद्याखाली काम करताना उमेदवाराला दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. आपल्यापैकी किती वृत्तपत्रांच्या व्यवस्थापनांनी हा कायदा स्वतःसाठी उघडून पाहिला आहे?

पैसे देण्याची सक्ती झाली की काही मालक दारच लावून घेतात. अमेरिकेत ‘न्यूयॉर्कर’ आणि ‘डब्ल्यू’ ही मासिके-साप्ताहिके काढणाऱ्या काँदे नास्ट कंपनीवर माजी इंटर्ननी २०१३ साली दावा लावला. किमान वेतनापेक्षाही कमी पैशांत राबवून घेतले, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीने त्याच वर्षी इंटर्नशिपच बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि पुढच्या वर्षी ५८ लाख डॉलरची तडजोड केली. मुलांना पैसे मिळाले, पण मागून येणाऱ्यांची वाट गेली. आपल्याकडे तसे होऊ नये, म्हणून हा खर्च छपाई आणि कागदासारखा वार्षिक अंदाजपत्रकात आधीच धरावा. मे महिन्यात लेखापालाकडे हात पसरायची वेळ संपादकावर येऊ नये.

आता विद्यार्थी शोधायचे कुठे? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबई विद्यापीठाचा विभाग आणि गरवारे संस्था आहे, ही नावे सगळ्यांच्या तोंडी असतात. पण कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, जळगाव, नागपूर इथल्या विद्यापीठांतही पत्रकारितेचे विभाग आहेत. अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचे (आयआयएमसी) केंद्र आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात तर १९५२ पासून पत्रकारिता शिकवली जाते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची वृत्तपत्रविद्या पदविका करणारे लोक मला विशेष महत्त्वाचे वाटतात. त्यांत नोकरी करणारे असतात, शेती करणारे असतात, तालुक्याच्या गावी आधीपासून बातम्या पाठवणारे असतात. कोणत्याही प्लेसमेंट सेलच्या यादीत त्यांचे नाव नसते. त्यांच्या अभ्यासकेंद्रावर एक पत्र पाठवायला किती खर्च येतो?

पत्र पाठवायचे ते जानेवारीत. एप्रिलमध्ये पाठवलेले पत्र फक्त ओळखीच्यांच्या कामाला येते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर वर्गांना २०२३ पासून ऑन जॉब ट्रेनिंग आले आहे. त्याला चार श्रेयांक आहेत, आणि इंटर्नशिपच्या एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने ते १२० तास होतात. प्रत्येक विभागाला आता प्रत्येक विद्यार्थ्यासाठी जागा शोधायची आहे, त्यामुळे प्राध्यापक तुमच्या पत्राची वाटच पाहत आहेत. याचा गैरफायदा घेणे फार सोपे आहे. मुलांना गुण हवेत, कॉलेजला सही-शिक्का हवा, मग काम काहीही करून घ्या! तसे करू नका. आणि १२० तासांत, म्हणजे रोज सहा तास धरले तर वीस दिवसांत, बातमीदार घडत नाही. विभागाशी बोलून दोन महिने मागून घ्या. चांगला विभागप्रमुख नाही म्हणणार नाही.

त्या पत्रात काय लिहायचे यावर मी थोडा थांबणार आहे, कारण खरी निवड तिथेच होऊन जाते. आपल्या जाहिरातींत ‘स्वतःची दुचाकी आवश्यक’ असे असते. ‘स्वतःचा लॅपटॉप असल्यास प्राधान्य’ असते. ‘इंग्रजीवर प्रभुत्व’ असते, काम मात्र मराठी पानाचे असते. यातल्या प्रत्येक ओळीने काही मुले बाहेर पडतात, आणि ती गुणवत्तेमुळे पडत नाहीत. त्याऐवजी साधे लिहा : काम कोणत्या गावी, किती आठवडे, रोज कोणत्या वेळेत, विद्यावेतन किती, ते कोणत्या तारखेला मिळेल, कोणाच्या हाताखाली काम असेल, आणि संपर्क कोणाशी करायचा. संगणक आणि प्रवासखर्च कार्यालयाचा. शब्दमर्यादा घालून एक अर्ज मागवा, हाताने लिहून फोटो काढून पाठवला तरी चालेल असे सांगा. राहण्याची व्यवस्था नसलेल्यांनी तसे अर्जात कळवावे, एवढी एक ओळ जरी घातली तरी अर्ज करणाऱ्यांत फरक पडेल. मग ती सोय करण्याची धडपडही कोणीतरी करायला हवी. गावात ओळखीचे वसतिगृह असते, एखाद्या संस्थेची खोली असते. वृत्तपत्राच्या संपादकाने शब्द टाकला तर ती मिळते.

अर्ज आले की मुलाखतीच्या आधी काम पाहा. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ साली पत्रकारितेचे विद्यालय सुरू केले, तेव्हा पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्यांच्या हाती गावाचे खरेखुरे वृत्तपत्र दिले. तिथल्या मालकाला विद्यार्थ्याची छापील बातमी वाचता येत होती. आपल्याकडे बहुतेक विभागांत प्रायोगिक अंक निघतात आणि कपाटात राहतात. ते मागवा. त्याशिवाय एक छोटी परीक्षा घ्या. एखाद्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक किंवा जिल्हा परिषदेचे प्रसिद्धिपत्रक द्या, त्यातून अडीचशे शब्दांची बातमी मागा, आणि खाली एक प्रश्न विचारा : ही बातमी छापण्याआधी तुम्ही कोणाकोणाला फोन कराल आणि काय विचाराल? भाषा दोन महिन्यांत सुधारते. व्याकरणही सुधारते. पण काय विचारायचे हे ज्याला सुचते, त्याला तुम्ही घ्यायला हवे. त्या परीक्षेतला मजकूर वापरणार असाल तर त्याचे मानधन द्या, नाहीतर वापरू नका.

मुलाखतीत घरचे कोण काय करतात, लग्नाचे काय, रात्री उशिरा थांबता येईल का, हे मुलींना विचारू नये. हे अजून विचारले जाते, म्हणून सांगावे लागते.

आजकाल संपादक मंडळी मला विचारतात की, यंत्र भाषांतर करू लागल्यावर इंटर्नचे काम काय उरले? प्रश्नाचे मूळ कळते. वर्षानुवर्षे नव्या मुलाला पीटीआय वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी मराठीत करायला बसवायचे, हीच आपली उमेदवारी होती. ते काम आता संगणक काही सेकंदांत करतो, आणि ते तपासायला अनुभवी डोळा लागतो. मला यात संधी दिसते. नवे मूल आता पहिल्या आठवड्यापासून बाहेर जाऊ शकते. तहसील कार्यालयात एक दिवस, बाजार समितीत एक दिवस, जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक दिवस, न्यायालयाच्या आवारात एक दिवस. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज त्याने स्वतः लिहावा, पहिल्या आठवड्यातच, म्हणजे ३० दिवसांत उत्तर येईल तेव्हा तो अजून कार्यालयात असेल. डेस्कवर बसवायचे तर जुन्या उपसंपादकाच्या शेजारी. स्वतःची बातमी कापली जाताना समोर पाहणे, आणि का कापली ते ऐकणे, यात जे शिकायला मिळते ते वर्गात मिळत नाही. पण यासाठी त्या उपसंपादकाचा रोजचा अर्धा तास मोकळा ठेवावा लागतो. हा वेळ त्याच्या कामात मोजला गेला पाहिजे. नाहीतर चांगल्या मनाचा माणूससुद्धा आठवड्याभरात कंटाळतो आणि मूल चहाच्या टपरीवर दिवस काढते.

एक काम मात्र इंटर्नला कधीही देऊ नये. जाहिरात आणायला पाठवू नये. तालुक्या-तालुक्यांत वार्ताहराच्या गळ्यात पुरवणीच्या जाहिरातींचे टार्गेट बांधले जाते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलचा २०१० सालचा अहवाल आला, त्यालाही आता इतकी वर्षे झाली. विसाव्या वर्षी ज्याला आमदारांच्या वाढदिवसाची जाहिरात मागायला पाठवले, त्याला पुढे त्याच आमदारांना प्रश्न विचारायला कोणत्या तोंडाने पाठवणार?

सुरक्षिततेविषयी मी आता जे बोलणार आहे, ते जड मनाने बोलतो. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत शक्ती मिलच्या आवारात कामानिमित्त छायाचित्रे काढायला गेलेल्या एका तरुण छायापत्रकार इंटर्नवर सामूहिक बलात्कार झाला. त्या घटनेतून काही कार्यालयांनी मुलींना बाहेर पाठवायचे नाही, असा धडा घेतला. हा धडा चुकीचा आहे आणि पीडितेवर दुसरा अन्याय करणारा आहे. जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. नवखा माणूस कुठे गेला आहे, सोबत कोण आहे, किती वाजता परतणार आहे, हे कार्यालयात एका माणसाला ठाऊक असले पाहिजे, आणि फोन लागला नाही तर काय करायचे हे ठरलेले असले पाहिजे. मुलगा असो वा मुलगी, नियम एकच. आणि कार्यालयाच्या आतले काय? कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थीलाही कर्मचारीच मानतो, तिला पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती सक्तीची आहे. इंटर्नला पहिल्याच दिवशी त्या समितीच्या सदस्यांची नावे लेखी द्या. दोन महिन्यांसाठी आलेली मुलगी तक्रार करायला सर्वांत जास्त घाबरते. प्रमाणपत्र आणि शिफारस दोन्ही वरिष्ठांच्या हाती आहेत, हे तिला माहीत असते.

छोट्या साप्ताहिकांना हे सगळे एकट्याने जमणार नाही, हे मी मान्य करतो. १९५८ साली वॉल स्ट्रीट जर्नलच्या संपादकांच्या पुढाकाराने एक निधी उभा राहिला, तो आज डाऊ जोन्स न्यूज फंड म्हणून ओळखला जातो. तो विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन निवड करतो, त्यांना प्रशिक्षण देतो आणि मग निरनिराळ्या वृत्तसंस्थांकडे पगारी इंटर्नशिपवर पाठवतो. आपल्याकडे एका जिल्ह्यातली दैनिके, साप्ताहिके, केबल वाहिन्या आणि पोर्टल एकत्र आली, तर हे का होऊ नये? ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. हारतुरे होतात, भाषणे होतात. १८३२ साली ‘दर्पण’ निघाले तेव्हा बाळशास्त्री जांभेकर विशीच्या आसपास होते, आणि १८८१ साली ‘केसरी’चे संपादक झालेले आगरकर २४ वर्षांचे होते. म्हणजे आज ज्यांना आपण बाकावर थांबवतो, जवळपास त्याच वयाचे. पत्रकार दिनी जिल्हा पत्रकार संघाने सामायिक परीक्षा घ्यावी आणि दहा मुले निवडून सदस्य वृत्तपत्रांत वाटून द्यावीत. विद्यावेतनाचा निधी सगळ्यांनी मिळून उभारावा. वृत्तपत्राबाहेरच्या संस्थांनीही यात यावे. कृषी विज्ञान केंद्रे, ग्रंथालये, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था यांना लिहिणारी माणसे हवी असतात. ग्रामीण भारताचे दस्तऐवजीकरण करणारे ‘पारी’ विद्यार्थ्यांबरोबर काम करते, ते काम कसे चालते हे जवळून पाहण्यासारखे आहे.

शेवटी इंटर्न जाताना काय घेऊन जातो ते पाहा. त्याने आणलेली बातमी त्याच्या नावाने छापा. ‘प्रतिनिधी’ म्हणून छापलेली बातमी त्याला पुढच्या दारात दाखवता येत नाही. ‘समाधानकारक काम केले’ अशा छापील प्रमाणपत्राऐवजी त्याने कोणत्या बीटवर काम केले, काय चांगले जमले, काय अजून शिकायचे आहे, असे अर्ध्या पानाचे खरे पत्र त्याच्या मार्गदर्शकाने लिहावे. जागा रिकामी झाली तर आधी त्यालाच विचारावे.

आणि ज्यांना घेतले नाही त्यांनाही कळवा. शंभर अर्ज आले आणि दोन घेतले, तर अठ्ठ्याण्णव मुले उत्तराची वाट पाहत असतात. प्रत्येकाला दोन ओळी लिहिणे होते. परीक्षेत कुठे कमी पडलात, पुढच्या जानेवारीत पुन्हा अर्ज करा, एवढेच. किनवटची ती मुलगी पहिल्या वर्षी राहून गेली, तरी दुसऱ्या वर्षी तयारी करून येईल.